छप्पनभोग, नव्वदतपा, रातपन: नागपूरच्या एका ग्रुपवर उन्हाची भाषा कशी घडली

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेत, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतजमिनीवर बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारातलं दुसरं यंत्र ५४ वर गेलं. त्याच दिवशी वर्धा रोडवर खापरीजवळ कापूस संशोधन संस्थेच्या शेतातलं यंत्र आणि रामटेकचं यंत्र मात्र ४४ वर होतं. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या यंत्रानं ५२.९ दाखवल्यामुळे देशभर आधीच खळबळ होती. त्यात नागपूरचा आकडा पडला आणि घरोघरच्या मोबाइलवर पोचला.

या आकड्याचा आवाका असा: जगातला मान्यताप्राप्त विक्रम ५६.७ अंशांचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतला, १० जुलै १९१३ चा. भारतातला विक्रम ५१ अंशांचा, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. खुद्द नागपूरचा ४७.९, २३ मे २०१३ चा. म्हणजे रामदासपेठेचा आकडा खरा असता तर नागपूर एका दुपारी डेथ व्हॅलीच्या बरोबरीला जाऊन बसलं असतं. हवामान विभागानं लवकरच खुलासा केला की यंत्राचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर बिघडला होता. पुढे मुंगेशपूरचं यंत्रही तीन अंश जास्त दाखवत होतं असं स्पष्ट झालं.

हा खुलासा येण्याआधी, आल्यानंतर आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाविषयी जी भाषा तयार झाली, तिचं हे प्रकरण आहे. वस्ती मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूची. ग्रुपवर निवृत्त कर्मचारी आहेत, बँकेत नि दवाखान्यात नोकरी करणारे आहेत, कॉलेजात जाणारी पोरं आहेत, घरकाम करणाऱ्या दोघी-तिघी आहेत आणि रात्रपाळीच्या चौकीदारांची मुलगी आहे. ग्रुप निघाला तो पाण्याचा टँकर आणि कचऱ्याची गाडी यांच्या वेळा कळवायला. मी तिथेच राहते आणि मराठी शिकवते. सदस्यांच्या परवानगीनं त्यांचे शब्द इथे घेतले आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

लोक हवामान बदलाविषयी आपसात बोलू लागले की नवे शब्द घडवतात. ते घडवणं मला फार मोलाचं वाटतं. पण त्यातला कोणता शब्द टिकतो, कोणता काही काम करून जातो आणि कोणता फक्त आवाज करून विरतो, हे मला नीट बघायचं होतं.

तपन

सरकारी सूचनांची भाषा आणि आमच्या ग्रुपची भाषा यांत पहिल्यापासून अंतर होतं. सूचना म्हणते ‘उष्णतेची लाट’. तिची व्याख्या आहे: मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक, किंवा थेट ४५ अंश. विदर्भात लोक म्हणतात ‘तपन’. लाट येते आणि ओसरते. तपन अंगावर असते, घरात असते, तिला कुणी येताना पाहिलेलं नसतं. ‘एवढ्या तपनीत कुठं चालला बाप्पा?’ या वाक्यात हवामानाचा अंदाजही आहे आणि माणसाची काळजीही.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. नागपुरी बोलणं ‘-ऊन राहिलं’वर चालतं: उकडून राहिलं, तापून राहिलं, कूलर बंद पडून राहिला. पुण्याकडची मंडळी या लकबीवर हसतात. मला मात्र हवामान बदलाबद्दल बोलायला हीच रचना सगळ्यांत नेमकी वाटते. ‘हवामान बदललं’ म्हटलं की गोष्ट संपल्यासारखी होते. ‘बदलेल’ म्हटलं की ती पुढच्या पिढीवर ढकलली जाते. ‘हवामान बदलून राहिलं’ असं ग्रुपवर एका काकूंनी सहज लिहिलं, त्यात सुरू झालेलं, न थांबलेलं आणि डोळ्यांदेखत चाललेलं असं सगळं एकदम आलं.

आणि नागपूरला शब्दांची ताकद नवी नाही. २०२०-२१ मध्ये अजनीच्या रेल्वे वसाहतीतली झाडं एका मोठ्या स्थानक प्रकल्पासाठी तोडली जाणार होती. विरोध करणाऱ्यांनी त्या जागेला ‘अजनी वन’ म्हणायला सुरुवात केली. सरकारी कागदावर ती वसाहत होती, वन नव्हतं. नाव रुळलं आणि जिथून आपण रोज स्कूटरनं जायचो तिथे एक जंगल उभं आहे हे कित्येकांना पहिल्यांदा दिसलं.

छप्पन

३० मेच्या रात्री ग्रुपवर आकड्याचा स्क्रीनशॉट आला आणि शब्दांचा पाऊस सुरू झाला. सर्वांत आधी आलं ‘छप्पनभोग’. देवाला दाखवायचा छप्पन पदार्थांचा नैवेद्य हा त्याचा मूळ अर्थ. पण भोग म्हणजे वाट्याला आलेलं दुःखही. ‘नागपूरच्या नशिबी छप्पनभोग’ हे वाक्य वाचताक्षणी दोन्ही अर्थ लागले आणि ते ग्रुपमधून बाहेरच्या ग्रुपांत गेलं. पाठोपाठ ‘आगपूर’ आलं. तेही चपखलच, कारण फक्त एक अक्षर बदललं होतं. मागच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला होता, नाग नदी घरांत शिरली होती. तेव्हा याच ग्रुपवर शहराचं नाव ‘नाग-पूर’ असं मध्ये रेघ देऊन लिहिलं गेलं होतं. म्हणजे शहराच्या नावातच पूर होता आणि आता आगही सापडली.

त्याच दोन दिवसांत आणखी एक शब्द हळूच येऊन बसला: ‘संत्रा अलर्ट’. हवामान विभागाच्या इशाऱ्यांना पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. ऑरेंज सिटीत ऑरेंज अलर्टचं संत्रा अलर्ट व्हायला वेळ लागला नाही. याच्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण ‘उद्या संत्रा आहे, मावशींना सकाळी सातलाच बोलवा’ असा निरोप दोनच दिवसांत येऊ लागला. तो शब्द कामाला लागला होता.

‘नव्वदतपा’ही तेव्हाचाच. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हापासूनचे, साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. या नऊ दिवसांत जितकं तापेल तितका पाऊस चांगला, असं जुनी माणसं मानतात. ३० मे ऐन नवतपात होता. एका सदस्यानं लिहिलं, ‘पयले नवतपा होता, आता नव्वदतपा झाला.’ म्हणजे तापायचे दिवस नवाचे नव्वद झाले.

आकडा पडल्यावर

खुलासा आल्यावर ग्रुपचा सूर एका रात्रीत फिरला. ज्यांनी आकडा पुढे पाठवला होता त्यांना ‘छप्पनवाले’ म्हटलं जाऊ लागलं. आधी चेष्टेत, मग टोचून. एका निवृत्त काकाजींनी मुद्दा मांडला: यंत्र खोटं, आकडा खोटा, मग ही तापमानवाढ तरी खरी कशावरून? दुपारपर्यंत कुणीही उन्हाबद्दल लिहिलं की खाली ‘आला छप्पनवाला’ असं उत्तर पडू लागलं. ज्या शब्दानं काल सगळे एकत्र हळहळले, त्याच शब्दानं आज तोंडं बंद होऊ लागली.

हे जगात याआधी मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल चोरून उघड करण्यात आले आणि त्या प्रकरणाला ‘क्लायमेटगेट’ हे नाव पडलं. पुढे एकाहून अधिक चौकश्या झाल्या, शास्त्रज्ञांनी विज्ञानात बनवाबनवी केल्याचं कुठेच सिद्ध झालं नाही. पण चौकश्यांचे अहवाल किती जणांनी वाचले? शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी राहिला. ‘छप्पनवाले’ हे त्याचं आमच्या वस्तीतलं छोटं रूप होतं. एक चूक पकडायची, तिला आकर्षक नाव द्यायचं आणि मग त्या नावानं न चुकलेल्या शंभर गोष्टींवर काट मारायची.

मला याहून गंभीर वाटलेली गोष्ट वेगळी आहे. पुढच्या काही दिवसांत ग्रुपवर ‘फक्त चव्वेचाळीस’ हे शब्द सारखे दिसू लागले. आज फक्त चव्वेचाळीस, काल उगाच घाबरलो. छप्पन ऐकल्यावर चव्वेचाळीस लहान वाटू लागले होते, आणि चव्वेचाळीस लहान नाहीत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ पर्यंत गेला, त्या एका महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतरच २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि नागपूरसह इतर शहरांनी मग तोच मार्ग धरला. म्हणजे माणसं मरायला ५६ लागत नाहीत. ज्या तापमानाला आमचे रस्ता झाडणारे, डबे पोचवणारे, विटा वाहणारे रोज उभे असतात तेच पुरतं. फुगलेल्या आकड्यानं या खऱ्या आकड्याची किंमत कमी केली. छप्पनभोग या सुंदर शब्दाचं मला त्यामुळेच वाईट वाटतं. त्याची अख्खी इमारत एका बिघडलेल्या सेन्सरवर उभी होती.

भांडण शमलं ते विज्ञान शिकणाऱ्या एका मुलीच्या लांब निरोपामुळे. तिनं कुणाला नावं ठेवली नाहीत. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत का ठेवतात हे तिनं समजावलं. गाडीच्या काचेमागचा आकडा आणि हवेचा आकडा वेगळा का असतो हे सांगितलं. आणि मग लिहिलं की चारपैकी दोन यंत्रं ४४ दाखवत होती म्हणूनच तर चूक सापडली. चूक सापडणं हे मोजमाप नीट चालल्याचं लक्षण आहे. काकाजींनी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला. तापमानवाढ त्यांनी मान्य केली असं नाही, पण ‘छप्पनवाला’ म्हणणं त्यांनी सोडलं.

याच भांडणात नव्वदतपाची खरी परीक्षा झाली. त्या शब्दावर दुसऱ्या एका काकांनी हरकत घेतली: चैत्रातही आपल्याकडे ऊन असायचंच, उगाच वाढवून सांगू नका. हरकत रास्त होती. मग कुणी सांगितलं की मार्च २०२२ हा देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला होता. कुणी आपल्या घरी कूलर कोणत्या तारखेला उतरवतात, खस कधी भरतात हे आठवून लिहिलं. एकीच्या आईच्या वहीत खर्चाच्या नोंदी होत्या, त्यात पहिल्या माठाची तारीख सापडली. या नोंदींतून काही शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही आणि कुणी काढलाही नाही. पण लोक आपापल्या घरात पुरावा शोधायला लागले. छप्पनभोग ऐकून माणूस फक्त हो किंवा नाही म्हणू शकत होता. नव्वदतपा ऐकून तो मोजायला बसला. खुलाशानं या शब्दाला धक्का लागला नाही, कारण तो कुठल्या एका दिवसाच्या आकड्यावर बेतलेला नव्हताच.

रातपन

जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकीदारांच्या मुलीनं एक आवाजी निरोप टाकला. तिचे वडील स्वतः ग्रुपवर नाहीत. रात्रभर गेटवर असतात आणि दिवसा टिनाच्या छपराच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करतात. ग्रुपवर दुपारच्या उन्हाची चर्चा तिनं त्यांना वाचून दाखवली होती. त्यावर त्यांनी जे म्हटलं ते तिनं त्यांच्याच आवाजात पाठवलं: ‘दिवसाची तपन सगळेच पायतात. रातची तपन कोणी पायत नाई.’ खाली तिनं एकच शब्द लिहिला होता: रातपन.

या शब्दावर एकही हसरा चेहरा उमटला नाही. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी लिहिलं की त्यांच्या भिंती रात्री अकरालाही हाताला गरम लागतात. मग निरोप येतच राहिले. लहानपणी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकायचो, आता गच्चीच पहाटेपर्यंत थंड होत नाही. सिमेंट रोड झाल्यापासून अंगणात बसवत नाही. रस्त्याची पातळी घराच्या जोत्याहून वर गेल्यामुळे पावसाळ्यात पाणी आत येतं ही तक्रार या वस्तीत जुनी होती. उन्हाळ्यात तोच रस्ता रात्री झळा सोडतो, ही तिची दुसरी बाजू पहिल्यांदा बोलली गेली.

विज्ञानाच्या बाजूनं बघितलं तर रातपन हा फार खोल शब्द आहे. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि सूर्य मावळल्यावर सावकाश सोडतं. झाडं आणि ओली माती कमी झाली की बाष्पीभवनानं होणारा गारवाही जातो. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीकडून आकाशात जाणारी उष्णता अडवतो, आणि ते काम तो रात्रीही करतो. शरीराला दिवसाचा ताण उतरवायला रात्र लागते. रात्र थंड झाली नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन आधीच्या थकव्यावर बसतं. हवामान विभागाकडे ‘उष्ण रात्र’ अशी वेगळी नोंद आहे. कमाल तापमान ४० वा अधिक असलेल्या दिवशी किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा त्याहून वर असेल तर ती उष्ण रात्र. पण बातमीत दिसतो तो दुपारचा आकडा. विक्रम दुपारचा, फोटो दुपारचा, सुट्टीही दुपारची. चौकीदारांनी ज्याकडे बोट दाखवलं ती शास्त्रातलीही महत्त्वाची आणि चर्चेत कायम मागे पडणारी गोष्ट होती, आणि त्यांनी ती शास्त्र न वाचता, पाठीवर झेलून ओळखली होती.

शब्द आल्यावर कामं निघाली. आधी टिनाच्या छपरावर चुन्याचे दोन हात मारले गेले. पांढरं छप्पर ऊन परतवतं, हा उपाय उष्णतेच्या आराखड्यांमध्येही सुचवलेला असतो. खोलीत कूलर ठेवायचं ठरलं तेव्हा विजेचं बिल कोण भरणार यावर तीन दिवस वाद झाला. वाद कटू होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. काहींचं म्हणणं होतं की आज कूलर दिला की उद्या आणखी मागतील. शेवटी वर्गणीतून पैसे द्यायचं ठरलं, पण ज्यांनी विरोध केला त्यांनी विरोध सोडला असं झालं नाही. घरकामाच्या मावशींच्या वेळा सकाळी लवकर झाल्या. रात्रीची वीज वारंवार जात होती त्याबद्दल संबंधित कार्यालयाला अर्ज गेला. अर्जात ‘रातपन’ हा शब्द अर्थासह लिहावा की नाही यावरही चर्चा झाली. निवृत्त कारकून असलेल्या एका काकूंनी तो लिहायचाच असा आग्रह धरला. त्यांचं म्हणणं, ‘रात्रीच्या उकाड्याचा त्रास’ असं लिहिलं तर साहेब म्हणेल सगळ्यांनाच होतो. हा शब्द वाचून तो निदान थांबेल.

मारबत

सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीची मिरवणूक निघाली. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींचे मोठे पुतळे महाल-इतवारी भागातून वाजतगाजत नेतात आणि शहराबाहेर जाळतात. ही प्रथा १८८० च्या दशकापासून चालत आली आहे. सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचे ते पुतळे, मग ती महागाई असो, भ्रष्टाचार असो की एखादा रोग. आणि सगळीकडे एकच आरोळी: घेऊन जा गे मारबत!

त्या सकाळी ग्रुपवर याच साच्यात निरोप आले. ‘रातपन घेऊन जा गे मारबत.’ ‘सिमेंट रोड घेऊन जा गे मारबत.’ ‘नव्वदतपा घेऊन जा गे मारबत.’ तीन महिन्यांपूर्वी घडलेले शब्द पावसाळ्यातही जिवंत होते, आणि जुन्या आरोळीत बसले तेव्हा ते जुनेच असल्यासारखे वाटले. छप्पनभोग आणि आगपूर मात्र त्या दिवशी कुणाला आठवले नाहीत.

यात एक उणीव मला तेव्हाच जाणवली. मारबत पीडा घेऊन जाते, ती पीडा कुणी आणली हे विचारत नाही. ते काम बडग्याचं. बडग्याला चेहरा असतो, गळ्यात पाटी असते, मिरवणुकीत लोक त्याच्याकडे बघून नाव घेतात. आमच्या ग्रुपवर मारबती पुष्कळ आल्या, बडग्या एकही आला नाही.

कोळसा

इंग्रजीत हवामान बदलाच्या चर्चेनं जी नवी शब्दसंपत्ती घडवली तिचा मोठा भाग ‘कार्बन’ या एका शब्दापासून वाढला आहे. कार्बन फूटप्रिंट, कार्बन टॅक्स, कार्बन ऑफसेट. ब्रिजिट नेर्लिख आणि नेल्या कोटेइको या अभ्यासकांनी २००९ मध्ये अशा कार्बन-समासांवरच निबंध लिहिला. त्यांच्यापुढचं उदाहरण होतं ‘कार्बन इंडल्जन्सेस’. मध्ययुगीन चर्च पैसे घेऊन पापाची सूट देई, तसं पैसे भरून प्रदूषणाची सूट विकत घेणं. शब्द टीकेचा आहे, आणि त्यात पैसे देणाराही दिसतो आणि घेणाराही. आमच्या ग्रुपचे समास मात्र तपन, तपा, पूर, रात यांच्यापासून झाले. अंगाला जे लागतं त्याचं नाव आमच्याकडे नेमकं आहे. ते कुठून येतं, त्याचं नाव नाही.

आणि ते फार लांबून येत नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच चालू आहेत, आणखी दोन बसवण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये, भर उन्हाळ्यात, जनसुनावणी झाली. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतांत आणि पाण्यात गेली. उमरेड, कामठी, सावनेर भागात कोळशाच्या खाणी आहेत, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरातच आहे.

ग्रुपवर हा विषय एकदाच निघाला होता. कोराडीकडचं माहेर असलेल्या एका ताईंनी ‘राखडपहाट’ असा शब्द लिहिला. राखड म्हणजे वीज केंद्राची राख. सकाळी दोरीवरचे कपडे झटकून घ्यावे लागतात, आईच्या घराच्या खिडकीत बोटानं रेघ ओढता येते, असं त्यांनी सांगितलं. शब्द रातपनच्या तोडीचा होता. पण खाली कुणी काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं वीज केंद्रातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या काकाजींचं उत्तर आलं: ‘त्याच राखडीवर माही दोन्ही पोरं शिकली, ताई.’ त्यानंतरचा निरोप टँकरचा होता.

त्या उत्तराला मी टाळाटाळ म्हणणार नाही. ‘सोलास्टाल्जिया’ हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी २००३ च्या सुमारास घडवला. आपलं गाव डोळ्यांदेखत बिघडत असताना तिथेच राहणाऱ्याला होणारी घराची ओढ, असा त्याचा अर्थ. तो त्यांना सुचला हंटर खोऱ्यातल्या उघड्या कोळसा खाणी आणि वीज केंद्रांजवळच्या लोकांशी बोलताना. तिथेही खाणीनं घरं उद्ध्वस्त केली आणि खाणीनंच घरं चालवली. अशा ठिकाणी कारणाला नाव देणं म्हणजे शेजारच्या घराला नाव देणं. म्हणून शब्द अडतो.

एप्रिल २०२५ मध्ये रातपनची चर्चा पुन्हा सुरू झाली, तेव्हा कोंडी फोडली ती त्याच काकाजींनी. कुणीतरी लिहिलं होतं की कूलरच्या वाऱ्यामुळे रात्र निघते. त्यांनी उत्तर दिलं, ‘तो कोळसावारा हाय. चाळीस वर्षं म्या तोच वारा बनवला.’ मग त्यांनी सविस्तर लिहिलं. रात्री सौर वीज नसते, रात्रीची मागणी भागवायला कोळशाचे संच ओढावे लागतात, आणि उन्हाळ्याच्या रात्री जितक्या तापतील तितका कोळसा जास्त जळेल. तपन आणि कोळसा यांचं चक्र आमच्या ग्रुपवर इतक्या साध्या शब्दांत आधी कुणी मांडलं नव्हतं, आणि ते मांडायचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला नव्हता.

कोळसावारा हा ग्रुपचा पहिला बडग्या. तो अजून सर्वमान्य नाही. चौकीदारांच्या मुलीची त्यावर हरकत आहे आणि ती मला पटते. तिचं म्हणणं, टिनाच्या खोलीतल्या एका कूलरला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तीन एसींना एकच शब्द कसा लावता? तिनं कूलरचा वारा तसाच ठेवून एसीच्या वाऱ्यालाच कोळसावारा म्हणावं असं सुचवलं आहे. काकाजी म्हणतात, तार एकच आहे, संच एकच आहे, वारा वेगळा कसा? तिसऱ्या मजल्यावरच्या एका दादांनी गच्चीवर सौर पॅनेलसाठी वर्गणी काढायचा प्रस्ताव टाकला आहे. त्यावर पहिला प्रश्न तिचाच आला: त्यातली वीज गेटजवळच्या खोलीपर्यंत येणार का?